साडूसाठी निवडलेली गाडी

चष्मेवाल्याचं दुकान म्हणजे एक बोळच. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला चपलांचं, आणि मधे हे. डोळे तपासताना अक्षरांच्या पाटीपर्यंत जेवढं अंतर लागतं तेवढं आत नाही, म्हणून पाटी गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेली आहे आणि समोर आरसा. पाटीवरची अक्षरं उलटी, आरशात सुलटी दिसतात. अर्धं आयुष्य चष्मेवाला त्या आरशाशेजारी उभा राहून लोकांच्या नाकावर जड गोल चौकट ठेवत आला आहे. चौकटीत एक काच सरकवायची, काढायची, दुसरी सरकवायची आणि विचारायचं, "आधीची बरी, की ही?"

या प्रश्नात एक गोम आहे. ज्याला फरक कळत नाही तो माणूस बहुधा शेवटी दाखवलेली काच बरी म्हणतो. त्यात विचारणाऱ्याने आवाज जरा खाली आणून 'ही' थोडं लांबवलं, तर म्हणतोच म्हणतो. म्हणून चष्मेवाला तीच जोडी उलट क्रमाने पुन्हा दाखवतो. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर ते खरं धरायचं. यात वेळ जातो, पण त्याचे चष्मे परत येत नाहीत. बाजारात त्याला मान आहे तो यामुळे, आणि तो आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

माणूस तसा सरळ. व्यसन नाही, उधारी नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. नाद एकच, डोंगर चढणाऱ्या गाडीचा. शाळेत असताना एकदा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला होता आणि रस्ते मोजणाऱ्या माणसांनी त्याला आपल्या उघड्या गाडीतून पलीकडे सोडलं होतं. पाणी चाकांना लागलं तसा चालवणाऱ्याने गिअरशेजारचा दुसरा, बुटका दांडा मागे ओढला. गाडी खालच्या आवाजात गुरगुरली आणि म्हशीसारखी सावकाश पाण्यातून चालत गेली. तो बुटका दांडा त्याच्या डोक्यात जो बसला तो बसलाच.

पुढे दुकान झालं, लग्न झालं, मुलगी शिकून नोकरीला दुसऱ्या शहरात गेली. दारात एक छोटी, आज्ञाधारक गाडी होती. गाडी घ्यायची ताकद आली तेव्हा चष्मेवाला निवडायला बसला, आणि सहा वर्षं निवडतच राहिला. गिऱ्हाईक नसलं की फोनवर कुठल्या तरी वाळवंटात, कुठल्या तरी चिखलात रुतलेल्या गाड्या बघायचा. बाजारात त्याच्या आवाक्यातल्या दोनच होत्या. एक चौकोनी, दोन दारांची, उंच आणि कडक. तिला तो दुसरा दांडा होता. दुसरी लांबरुंद, मऊ, सात जणांची. तिच्यात दांड्याऐवजी एक गोल खटका होता, फिरवला की गाडी काय करायचं ते आपलं आपण ठरवते. पहिलीला तो मनातल्या मनात ठोकळा म्हणायचा, दुसरीला सोफा. पसंत ठोकळाच होता, पहिल्या दिवसापासून. पण पसंत असणं वेगळं आणि जाऊन घेऊन येणं वेगळं. कधी रंग आड यायचा, कधी टायर, कधी पुढच्या वर्षी नवं मॉडेल येणार असल्याची बातमी.

"एवढ्या वेळात पोर जन्मून शाळेत गेलं असतं," बायको म्हणायची.

"घाईत घेतलेली वस्तू डोळ्यांत सलते."

"आणि न घेतलेली?"

तो पुन्हा फोनमध्ये डोकं घालायचा.

त्याला गाडी हवी होती त्याला आणखी एक कारण होतं, आणि ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते कारण म्हणजे तिचे वडील. आप्पा आयुष्यभर दगडाच्या खाणीवर मुकादम होते. माणूस कोरडा, ताठ, मोजकं बोलणारा. आप्पांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडातून पाणी निघणं. खाण बंद पडल्यावर तिच्या वरच्या कडेला त्यांनी मधमाश्यांच्या पेट्या मांडल्या होत्या आणि दर रविवारी ते तिकडे जात. बस पायथ्याशी सोडायची. पुढची वाट म्हणजे खाणीचे ट्रक जाऊन जाऊन उखडलेले दगडधोंडे, आणि मधे एके ठिकाणी कातळाची चक्क पायरी. आता आप्पांचे गुडघे बोलायला लागले होते. छोट्या गाडीचं तिथे काम नव्हतं. ज्याची गाडी वर जाईल तो रविवारचा जावई, हे उघड होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी आप्पांनी चष्मेवाल्याला कधी वाईट म्हटलं नव्हतं आणि कधी चांगलंही म्हटलं नव्हतं. ठोकळ्यात आप्पा शेजारी बसलेत, पायरी आली, आपण दांडा ओढला, गाडी वर गेली आणि आप्पा म्हणाले, "वा." एवढंच. एवढ्यासाठी तो सहा वर्षं चिखलातल्या गाड्या बघत होता.

जावई मात्र दोन होते.

धाकटा जावई, म्हणजे चष्मेवाल्याचा साडू, गाद्यांचा दुकानदार. गोल चेहऱ्याचा, चष्मेवाल्यानेच दिलेला चष्मा लावणारा, गाढ झोपणारा, खाल्लेलं अंगी लागणारा माणूस. त्याला कशाचाच अभ्यास नव्हता आणि कशाचीच भीती नव्हती. एका दुपारी तो चष्मेवाल्याच्या दुकानात आला, तपासणीच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "साडूभाऊ, आप्पांना वर न्यायला एखादी दणकट गाडी घ्यावी म्हणतोय. तुमचा यातला अभ्यास. ती चौकोनी असते बघा, पत्र्याच्या डब्यासारखी, ती छान दिसते."

चष्मेवाल्याच्या हातात कुणाचीतरी फ्रेम होती. तिचा स्क्रू निसटून खाली पडला. चष्म्याचा स्क्रू शोधायला वेळ लागतो. तो टेबलाखाली गुडघ्यांवर बसला, हाताने फरशी चाचपत राहिला, आणि स्क्रू सापडेपर्यंत त्याचा विचार पुरा झाला होता.

"ती तुमच्यासाठी नाही," तो वर येऊन म्हणाला.

"का हो?"

"अंग मोडून घेते."

"मला काय, गाद्यांचं दुकान आहे," साडू हसला.

"चेष्टा नका करू. दोन्हींत बसून बघू. मग ठरवा."

बघण्याची सगळी व्यवस्था चष्मेवाल्याने केली. आधी ठोकळा. चालवायला तो स्वतः बसला, शोरूमचा माणूस शेजारी, आणि साडू मागे. "तुम्ही मागून नीट बघा, मी चालवून दाखवतो," तो म्हणाला. ठोकळ्याच्या मागच्या बाकावर जायचं तर पुढची खुर्ची दुमडून अंग चोरून शिरावं लागतं. साडूसारखा माणूस तिथे शिरला म्हणजे उशीच्या खोळीत गादी कोंबली. मग चष्मेवाल्याने गाडी खडी फोडण्याच्या कारखान्यामागच्या रस्त्याला घातली. मागून बराच वेळ नुसते हुंकार येत होते.

मग सोफा. आता चालवायला साडू. खुर्ची मागे, पाठ कलती, गार हवा चालू. रस्ता तोच, पण चष्मेवाला शेजारी बसून सांगत होता, "डावीकडून घ्या. इकडून बरं आहे."

उतरल्यावर शोरूमच्या आवारात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. चष्मेवाल्याने विचारलं, अगदी दुकानातल्या आवाजात, "आधीची बरी... की ही?"

"ही," साडू म्हणाला.

चष्मेवाल्याने तोच प्रश्न उलटा विचारला नाही.

खोटं तो एक अक्षरही बोलला नव्हता, हे तो पुढे स्वतःला वरचेवर सांगत असे. सोफा वाईट गाडी नव्हती. फक्त तिचं पोट जमिनीला जवळ होतं आणि कातळाच्या त्या पायरीवर ती घासणार, अडणार, असा त्याचा पक्का हिशेब होता. साडूला गाडी मिळेल आणि रविवार आपल्याला. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

साडूने तिसऱ्या दिवशी गाडी आणली. जो भेटेल त्याला सांगत सुटला, "साडूभाऊंनी निवडून दिली." चष्मेवाल्यानेही मग दिरंगाई केली नाही. दोन महिन्यांत ठोकळा त्याच्या दारात उभा राहिला.

"सहा वर्षं थांबलात, आता काय एकदम पेटलं?" बायकोने विचारलं.

"निर्णय झाला."

"कुणाचा?" ती म्हणाली, आणि चहाचे कप विसळायला आत गेली.

पहिले काही दिवस सुखाचे गेले. ठोकळ्याच्या दाराचा आवाज तिजोरीच्या दारासारखा होता. दुकान बंद करून चष्मेवाला मुद्दाम उखडलेल्या रस्त्याने घरी यायचा. दर सकाळी एक हात त्या बुटक्या दांड्यावर ठेवून क्षणभर नुसता बसायचा. औषधवाला शेजारी म्हणाला, "गाडी रुबाबदार आहे. आवाज येतो लांबून." तो टोमणा आहे की कौतुक, यावर चष्मेवाल्याने बराच विचार केला आणि कौतुक ठरवलं.

मग रविवार आला. दोन्ही गाड्या आप्पांच्या दारात. आप्पांनी दोन्हींकडे पाहिलं आणि थोरल्या जावयाचा मान म्हणून ठोकळ्यात बसले. चष्मेवाल्याने वाटेत दांडा दाखवला, त्याने चारही चाकांना जोर कसा मिळतो ते सांगितलं, पायरी आली तेव्हा दांडा ओढला. ठोकळा खडखडत, हिसके देत वर गेला. त्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी एका हाताने वरची मूठ धरली होती आणि दुसरा हात कमरेला होता.

"वर आलो का?" आप्पा म्हणाले.

चष्मेवाला मग खाली उतरून पायरीकडे तोंड करून उभा राहिला. मागून सोफा येत होती. तिच्यात साडू, साडूची बायको आणि चष्मेवाल्याची बायको. त्याला घासण्याचा आवाज ऐकायचा होता. सोफा पायरीपाशी आली, थांबली. साडूने खटका फिरवला असावा. गाडीने एक चाक उचललं, जरा विचार केल्यासारखं केलं, आणि सगळ्यांना घेऊन अलगद वर आली. आत दोघी बहिणींचं बोलणं तुटलंसुद्धा नव्हतं.

"साडूभाऊ, काय गाडी निवडून दिलीत," साडू काच खाली करून म्हणाला. "मला वाटलं आता काही करावं लागतंय. काहीच करावं लागलं नाही."

उतरताना आप्पा सोफात बसले. पुढच्या रविवारी चढतानाही. कमरेचं कारण खरंच होतं, त्यामुळे त्यात बोलायला जागा नव्हती. चष्मेवाल्याची बायकोही बहिणीशेजारी बसायला लागली. "अहो, तुमच्यात काही ऐकूच येत नाही," ती म्हणाली. "आणि वरून गळतं. मागच्या वेळी माझा खांदा भिजला." ठोकळ्यात मधमाश्यांचं सामान जाऊ लागलं. रिकाम्या पेट्या, साखरेच्या पाण्याचे डबे, फावडं. त्या वाटेवरची सगळ्यात लायक गाडी हमाल होऊन मागून येत होती आणि तिचा मालक समोरच्या काचेतून चार डोकी डुलताना बघत होता.

मत्सर हा शब्द त्याने कधी वापरला नसता. तो म्हणायचा, "मला फक्त गाडीचं वाईट वाटतं." पण आता दुकानातही त्याचं लक्ष ठिकाणावर नसे. समोरच्या रस्त्यावरून सोफा गेली की इंजिनाच्या आवाजावरून कळायचं, आणि मान वळायची. गिऱ्हाईक चौकट नाकावर घेऊन ताटकळत बसायचं. रात्री फोनवर तो आता ठोकळ्याच्या नव्हे, सोफाच्या तक्रारी शोधायचा. कुणाचा खटका बिघडला, कुणाची गार हवा बंद पडली. असं काही सापडलं की झोप चांगली लागायची. एकदा साडूच्या गाडीला मागच्या दारावर भला लांब ओरखडा दिसला. चष्मेवाल्याच्या पोटात गुदगुल्या झाल्या. तोंड शक्य तितकं लांब करून त्याने विचारलं, "अरेरे, हे कुठे झालं?"

साडूने वाकून पाहिलं. "लागलं वाटतं कुठेतरी," तो म्हणाला आणि टाळी मागितल्यासारखा हसला.

तो आनंदही गेला. ज्याला ओरखड्याचं काही नाही त्याचं काय वाकडं होणार? स्वतःच्या ठोकळ्यावर धुळीचा थर बसला तरी चष्मेवाल्याचा जीव वरखाली व्हायचा. तो चष्म्याच्या मऊ फडक्याने बॉनेट पुसायचा. आणि हा गाद्या विकणारा माणूस देवाने दिल्यासारखा मजेत. वर जिथे तिथे तेच. पेट्रोल पंपावर, दुकानात, घरात बसलेल्या पाहुण्यांपुढे, "आमच्या साडूभाऊंनी निवडून दिली." मनसोक्त जळायचीही सोय राहिली नव्हती. जळायला जावं तर श्रेय आपल्याच पदरात.

पुढे एका रविवारी साडूला कुठल्याशा वसतिगृहाच्या गाद्या पोचवायच्या होत्या. त्याची बायकोही मोजदादीला बरोबर जाणार होती. आप्पांना तर जाणं भाग होतं; फुलोरा संपला होता आणि माश्यांना साखरेचं पाणी द्यायचं होतं.

"भावोजी, तुम्ही न्याल का आप्पांना?" मेहुणीने फोनवर विचारलं.

"बघतो," चष्मेवाला म्हणाला आणि फोन ठेवून तडक गाडीकडे गेला.

त्याने चाकांतली हवा थोडी कमी केली, म्हणजे दगडांवर गाडी मऊ चालते. आप्पांच्या जागेवर उशी ठेवली. गळणारा कोपरा डांबराच्या पट्टीने बंद केला. सगळी वाट त्याने तळहातावरच्या फोडासारखी जपून गाडी चालवली. जिथे दगड होता तिथे नाही असं वाटावं, अशी. आप्पांचा हात एकदाही कमरेला गेला नाही. पायरी आली. त्याने दांडा ओढला, पाय अलगद सोडला, आणि ठोकळा एकही हिसका न देता वर जाऊन उभा राहिला. इतकं सुरेख त्याने कधीच चालवलं नव्हतं. पुढेही कधी जमलं नाही.

आप्पा उतरले. दोघांनी डबे उतरवले. मग आप्पा जरा थांबले, आणि खाणीच्या खोल खड्ड्याकडे बघत म्हणाले, "एक बोलायचं राहिलं होतं. तुमचं मन मोठं आहे."

चष्मेवाला डबा हातात घेऊन उभाच राहिला.

"धाकट्याला चांगली गाडी निवडून दिलीत," आप्पा म्हणाले. "स्वतःला ही घेतलीत. माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नका. सगळेच काही असं करत नाहीत."

हे ते शब्द होते. ज्यांच्यासाठी इतकी वर्षं घालवली ते. आता त्याने मान खाली घालून गप्प बसायचं होतं, बस्स. गप्प बसायला काही खर्च नव्हता. पण आप्पांनी बोलता बोलता ठोकळ्याच्या बॉनेटवर दोनदा थाप मारली. लंगड्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

"आप्पा, चांगली ही आहे," चष्मेवाला म्हणाला.

"असेल."

"असेल नाही, आहे. तुम्हाला कळत नाही यातलं. त्या गाडीला हिच्या निम्म्याची सर नाही. त्याला हीच हवी होती. मी मुद्दाम ती दिली त्याला."

"मुद्दाम?"

"ती पायरीवर अडेल, म्हणून."

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. खरं बोलावं म्हणून तो बोललाच नव्हता. आपली गाडी कमी ठरते, एवढंच त्याला सोसलं नव्हतं.

आप्पांनी जाळीची टोपी डोक्यावर चढवली आणि जाळी गळ्यापर्यंत ओढली. दुसऱ्याचे डोळे वाचून पोट भरणाऱ्या माणसाला आता समोरच्याचे डोळे दिसत नव्हते.

"धुराचं भांडं द्या इकडे," आप्पा जाळीतून म्हणाले.

पेट्यांचं काम संपलं. उतरताना पायरीपाशी आप्पा म्हणाले, "खाणीत आमचा एक नियम होता. एखाद्याने दुसऱ्याच्या वाटेत दगड सैल केला, तर त्याने स्वतः जाऊन त्याला सांगायचं. मुकादमाने सांगायचं नाही. संध्याकाळी सगळे येतील घरी. तुम्ही सांगा."

"आप्पा, झालं ते झालं. त्याचं काही नुकसान झालं का?"

"ते त्याला ठरवू द्या."

संध्याकाळी आप्पांच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. खोली लहान, खुर्च्या चार, त्यामुळे साडू खिडकीच्या कट्ट्यावर बसला होता. गाद्या वेळेत पोचल्या म्हणून खूश होता. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत गाद्या कशा चढवल्या ते त्याने सांगितलं, मग म्हणाला, "गाडीत किती मावल्या माहितीये? आठ. साडूभाऊ, तुमच्या चौकोनी गाडीत दोन गेल्या नसत्या. बरं झालं तुमचं ऐकलं."

आप्पांनी कप खाली ठेवला आणि चष्मेवाल्याकडे पाहिलं.

चष्मेवाल्याने सांगितलं. फिरवून फिरवून सांगितलं, पण सांगितलं. मागच्या बाकाचं, रस्त्याच्या डाव्या कडेचं, पायरीचं.

साडू हसायला लागला. "ऐका यांचं. आता उपकार केले तेही मान्य नाहीत. आप्पा, हे असेच आहेत, मोठेपणा घ्यायचाच नाही."

"अहो, खरं सांगतोय मी."

"सांगा, सांगा."

"खरंच सांगतायत ते," चष्मेवाल्याची बायको म्हणाली. ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "ती चौकोनी गाडी सहा वर्षं आमच्या घरात राहत होती. ती यांनी दुसऱ्या कुणाला घेऊ दिली असती का?"

"तुला माहीत होतं, ताई?" मेहुणीने विचारलं.

"कुणी सांगायला कशाला लागतं? चेहरा दिसत होता."

साडूचं हसू एकदम गेलं नाही. ओल्या कापडावरून पाणी निथळावं तसं हळूहळू गेलं. त्याने रागवावं, ओरडावं, असं चष्मेवाल्याला वाटत होतं. ओरडला असता तर दोन शब्द परत देता आले असते.

"साडूभाऊ," साडू म्हणाला, "तुमच्या घरी गादी माझ्या दुकानातली आहे ना?"

"हो."

"तुम्ही आला होतात घ्यायला. दुकानातली सगळ्यात महाग गादी तुम्ही दाबून पाहत होतात. मी म्हटलं, ही नको, तुमच्या पाठीला ती दुसरी घ्या, स्वस्त आहे पण चांगली आहे. आठवतं?"

"आठवतं."

"झोप लागते ना?"

चष्मेवाल्याने मान हलवली. त्या गादीवर त्याला उत्तम झोप लागत असे.

"झालं तर मग," साडू म्हणाला आणि उठून चपला शोधायला लागला.

भांडण झालं नाही. अबोला झाला नाही. पुढच्या रविवारी दोन्ही गाड्या नेहमीसारख्या वर गेल्या, आप्पा सोफात, पेट्या ठोकळ्यात. मधाची बरणी नेहमीसारखी घरी आली, मेहुणी नेहमीसारखी भावोजी म्हणून बोलली. आप्पा पूर्वी जेवढं बोलायचे तेवढंच बोलत राहिले. चांगलं नाही, वाईट नाही. बायको म्हणाली, "बघा, काही झालं नाही." चष्मेवाल्यालाही बराच काळ तसंच वाटलं. फक्त काहीतरी कमी आहे असं जाणवायचं, दुकानातलं घड्याळ बंद पडल्यावर जाणवतं तसं, आणि नेमकं काय ते सापडत नव्हतं.

ते पेट्रोल पंपावर सापडलं. तो रांगेत उभा होता. शेजारच्या रांगेत सोफा होती आणि साडू खाली उतरून उभा होता. त्याची पाठ इकडे. पंपावरचा माणूस पेट्रोल सोडता सोडता गाडी न्याहाळत होता.

"वर डोंगरात चढते म्हणे ही. कुणी सुचवली?"

"कुणी नाही," साडू म्हणाला. "मीच घेतली. बसून पाहिली, बरी वाटली."

आवाजात ना राग होता, ना कुणाला ऐकवायची इच्छा. तो नुसती माहिती देत होता. चष्मेवाल्याला वाटलं, खाली उतरावं आणि त्या पंपावरच्या माणसाला सांगावं की ही गाडी मी निवडली, मी, दोन्हींत बसवून, बारकाईने. सहा वर्षं अभ्यास करून त्याच्या हातून एकच निवड अशी झाली होती की जी सगळ्यांना पटली, आणि तीही आता त्याची राहिली नव्हती.

साडू गाडीत बसायला वळला. त्याच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. तो चष्मेवाल्याच्या दुकानातला नव्हता. सवयीने चष्मेवाल्याने आधी नाकावरची बैठक पाहिली, मग कानामागचं वळण, मग भुवयांची रेघ. कुठे काही चुकलंय का ते तो शोधत होता. फ्रेम जरा रुंद होती, गडद, खालून गोलाई असलेली. त्या गोल चेहऱ्याला ती फार शोभत होती.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. रांग पुढे सरकली होती.